मोराची मान

(पूर्व भागातली गल्ली. मागांचा आवाज.)

आधी हा आवाज ऐका. खट्-खट्, खट्-खट्. सोलापूरच्या पूर्व भागात दिवस उजाडतो तो यानेच.

(माळ्यावरची खोली. टेबलावर जुना आलेख.)

हे डिझायनर सोलापुरी चादरीसाठी मोर काढतात. म्हणजे खरं तर चौकोन भरतात. भरलेला चौकोन म्हणजे ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर, रिकामा म्हणजे खाली. मोराची मान वळवायची तर ती पायरी-पायरीने वळते. कापडाला उभं-आडवं तेवढंच कळतं. एक चौकोन चुकला की चूक प्रत्येक चादरीवर. मग आलेख पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोकं होऊन उतरतो. भोक असेल तिथे मागाची सुई शिरते, हुक धागा उचलतो. फ्रान्समधल्या जोसेफ जॅकार्डची ही युक्ती, 1804 सालची. आता आलेख कॉम्प्युटरवर आलाय. चौकोन तेच.

(जुन्या गिरणीची छायाचित्रं.)

अशा कल्पक माणसांमुळे शहर वाढतं का? रिचर्ड फ्लोरिडा या अमेरिकी अभ्यासकाने 2002 मध्ये मांडलं, की कल्पक माणसं जिथे राहतात तिथे उद्योग येतात, शहर वाढतं. टीकाकारांनी विचारलं, माणसं आधी की नोकऱ्या आधी? सोलापुरात 1877 साली 'जुनी मिल' म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी उभी राहिली, त्याच्या कितीतरी आधीपासून इथे हातमाग चालत होते. कसब आधी, गिरणीची चिमणी मागून. पुढे मोठ्या गिरण्या बंद पडल्या, तेव्हा नुसत्या कसबाने त्या वाचल्या नाहीत, हेही खरंच. पण चादर टिकली. तेलंगणातून येऊन इथलेच झालेल्या पद्मशाली कुटुंबांनी ती टिकवली.

(चादरीचं लेबल, जवळून.)

लेबलवर कारखान्याचं नाव आहे, माप आहे. मोर कोणी काढला, ते नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते नाव राखतं, नक्षी नाही. नक्षीसाठी 2000 च्या डिझाइन कायद्याखाली वेगळी नोंदणी करावी लागते. माळ्यावरच्या माणसाला कोण सांगणार हे? शहराच्या वाढीची चर्चा निघाली की माग मोजतात, टॉवेल मोजतात. ही खोली कुणाच्या हिशेबात नसते.

(सकाळ. सोलापूर स्टेशन, हुतात्मा एक्सप्रेस.)

डिझायनरांचा मुलगा पुण्यात अ‍ॅनिमेशन करतो. परवा सुट्टीला आला होता. वडिलांच्या मागे उभा राहून म्हणाला, "पप्पा, चौकोन बारीक करा की. मान गोल दिसेल."

"अन् धागा कोण बारीक करणार बे?"