आधी लगीन सोफ्याचं

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘होम थिएटरमध्ये स्पीकर कुठे लावावेत’. तिकडे येतोच. पण आधी सोफ्याशी भांडायचंय, कारण स्पीकरच्या जागा बिघडतात त्या त्याच्यापायी.

भिंतीला टेकून बसायची आपली जुनी खोड. पंगतीत भिंतीकडचं पान मिळालं की माणूस खूश! तीच खोड सोफ्याला लागते. फ्लॅटमधली एक बेडरूम थिएटरसाठी काढली की समोर टीव्ही, मागच्या भिंतीला सोफा आणि उरलेल्या जागेत स्पीकर, हे सुताराने तुम्हाला न विचारताच ठरवलेलं असतं.

१४ बाय ११ फुटांची खोली घेऊ. ४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४० कंपनांच्या खोल आवाजाची लाट साधारण २८ फुटांची, म्हणजे खोलीच्या लांबीच्या दुप्पट. ती समोरच्या आणि मागच्या भिंतींमध्ये अडकते. भिंतींपाशी फुगते, मध्यावर जवळजवळ नाहीशी होते. पटत नसेल तर सबवूफरवर, म्हणजे फक्त खोल आवाजाच्या (बासच्या) स्पीकरवर, ४० हर्ट्झचा सूर लावा आणि मागच्या भिंतीपासून पुढे चालत या. भिंतीशी छातीत धडधडतं, सात फुटांवर कुणी बटण बंद केल्यासारखं वाटतं, आणखी पुढे गेलात की पुन्हा धडधड. सबवूफरला हातही लावलेला नसतो.

भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर ४०, ८०, १२० हर्ट्झ सगळेच फुगलेले. ढोल ‘धम्’ वाजायच्या जागी ‘घुंऽऽ’ करतो आणि संवाद त्याखाली गाडले जातात. मग अख्खा सिनेमाभर रिमोट हातात. बोलणं आलं, वाढव. मारामारी आली, कमी कर. (मागच्या रांगेतले हसले, म्हणजे सोफा कुठे आहे ते कळलं.) बरं, अगदी मध्यावर बसावं तर तिथे ४० हर्ट्झ नाहीच. रिसीव्हरसोबत, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या डब्यासोबत, मिळणाऱ्या माइकने मोजणी करूनही हा खड्डा बुजत नाही. जेवढा आवाज ओताल, तेवढ्याच जोराने परतलेली लाट तो पुसून टाकते.

म्हणून कान मागच्या भिंतीपासून सव्वापाच फुटांवर, लांबीच्या ३८ टक्क्यांच्या आसपास. ही काही वेदवाणी नव्हे. तिथून सुरुवात करा आणि अर्धा फूट पुढेमागे सरकून ऐका. ‘मागची जागा वाया जाते हो!’ जात नाही. तिथे पुस्तकांचं उघडं कपाट ठेवा. पुस्तकांच्या उंचसखल कडांवर आवाज चांगला विखुरतो.

सुताराचा विषय निघालाच आहे, तर टीव्हीखालच्या, संवाद ऐकवणाऱ्या सेंटर स्पीकरबद्दलही बोलतो. टीव्ही युनिटमध्ये त्याच्यासाठी छान सनमायका लावलेला खण करतात आणि स्पीकर आत ढकलतात. मग माणसं माठात तोंड घालून बोलल्यासारखी ऐकू येतात. स्पीकरचं तोंड फळीच्या कडेला किंवा इंचभर बाहेर हवं. खाली रबराची पाचर देऊन ते कानाकडे वळवा. मागे भोक असलेला स्पीकर बंद खणात नकोच.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. आकडे भराभर लिहून घ्या.

डावा-उजवा स्पीकर समोरच्या भिंतीपासून दीड फूट पुढे, एकमेकांपासून ८ फूट. कानापासून त्यांची रेष सुमारे सव्वासात फुटांवर येते आणि समोरच्या सरळ रेषेपासून प्रत्येकाचा कोन जवळपास ३० अंश बसतो. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भाग, कानाच्या उंचीला, सव्वातीन फुटांवर. सराउंड, म्हणजे आजूबाजूचा आवाज देणारे स्पीकर, बाजूच्या भिंतींवर, कानांच्या २ फूट मागे, म्हणजे ११० अंशांवर. सोफा भिंतीला असता तर हे २ फूट आणले कुठून असते? अ‍ॅटमॉसचे, म्हणजे डोक्यावरून आवाज देणारे, चार स्पीकर छतात हवे असतील आणि फॉल्स सिलिंग ९ फुटांवर असेल, तर पुढची जोडी कानांच्या पावणेसहा फूट पुढे, मागची साडेचार फूट मागे.

सबवूफर कोपऱ्यात ढकलून मोकळे होऊ नका. तो उचलून सोफ्यावर ठेवा, गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरा. जिथे बास सगळ्यात सारखा ऐकू येईल, तिथे सबवूफर. घरच्यांना आधी कल्पना देऊन ठेवा.

तारांसाठी भिंतीत झिरी मारताना स्पीकरच्या तारांसाठी २५ मिलिमीटरचा पाइप आणि टीव्हीकडे चित्र नेणाऱ्या एचडीएमआय केबलसाठी ४० चा, नाहीतर प्लग वळणात अडकतो. काटकोनी एल्बो टाळा, आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा. विजेच्या लाइनपासून फूटभर लांब राहा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. तार शुद्ध तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटर. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम स्वस्त पडतं, पण त्याचा रोध जास्त आणि टोकं चटकन तुटतात. तारेची लाल-काळी टोकं एका स्पीकरला उलटी जोडली गेली, तर डाव्या-उजव्यामधला बास गायब होतो.

गिलाव्याआधी टेप धरून प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. नाहीतर पडद्याच्या रॉडसाठी ड्रिल मारणाऱ्याला उजव्या सराउंडची तार पहिल्याच भोकात सापडते.