‘आलं सगळं’ आणि ‘जमतच नाही’

श्रोतेहो, नमस्कार.

संध्याकाळची ठाणे-वाशी लोकल. दहावीतली एखादी मुलगी दाराजवळ टेकून इतिहासाचं गाईड वाचत असते. पानभर पिवळ्या-गुलाबी रेघा. ऐरोली येईपर्यंत धडा तिसऱ्यांदा वाचून होतो आणि वाटतं, आलं सगळं! हे वाटणं फसवं असतं.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याचीच परीक्षा घेतली. एका गटाने चारही सत्रांत उतारा वाचला. दुसऱ्याने पहिल्या सत्रात वाचला आणि पुढच्या तिन्हींत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. गंमत अशी, की ‘आपल्या जास्त लक्षात राहील’ अशी खात्री वाचणाऱ्यांनाच होती. सारखं डोळ्यांखालून गेलेलं पान ओळखीचं होतं, आणि ओळखीचं म्हणजे पाठ, असा आपला समज होतो.

म्हणून लोकलमध्येच एक बदल करा. रबाळ्यापर्यंत वाचा. मग पुस्तक बंद. कोपरखैरणे येईपर्यंत वाचलेल्यातले पाच मुद्दे मनात म्हणा, आणि अडलं तिथेच पुस्तक उघडा. तोच भाग दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग दहा-बारा दिवसांनी पुन्हा आठवा. मधे थोडं विसरायला होतं, पण ते ताणून आठवण्यातच पक्कं होतं.

आता दुसरी बाजू: ‘मला गणित जमतच नाही.’ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली स्वक्षमतेची कल्पना मांडली. एखादं ठरावीक काम आपल्याला जमेल, हा विश्वास म्हणजे स्वक्षमता. तो येतो कुठून? बरोबरीच्या मुलाला जमताना बघून येतो, कुणी धीर दिल्याने येतो, छातीतली धडधड आपण कशी समजून घेतो त्यावरही ठरतो. पण सगळ्यांत भक्कम पाया एकच, स्वतः करून जमलेलं काम. नुसतं ‘तू हुशार आहेस’ म्हटलेलं पहिल्या अवघड प्रश्नाला गळून पडतं.

बांडुरा आणि शंक यांनी १९८१ मध्ये वजाबाकी कच्ची असलेल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना सांगितलं, सात बैठकींत ४२ पानं सोडवा. काहींना, दर बैठकीला सहा पानं. हिशेब एकच! पण सहा-सहा पानांच्या मुलांची वजाबाकीही सुधारली आणि विश्वासही जास्त वाढला, कारण आज जमलं की नाही हे त्यांना त्याच दिवशी कळत होतं.

‘जमत नाही’ याचेही असेच तुकडे पाडावे लागतात. समजा वर्गसमीकरणात क्षच्या वर्गातून १५ क्ष वजा, अधिक ५४, बरोबर शून्य असं आहे. गुणाकार ५४ आणि बेरीज उणे १५, म्हणून उणे ९ आणि उणे ६. इथवर बहुतेकांचं बरोबर येतं. कंस होतात क्ष उणे ९ आणि क्ष उणे ६. मग मुळं लिहिताना चिन्ह बदलायचं राहतं आणि ९, ६ ऐवजी उणे ९, उणे ६ उतरतात. उत्तर चुकतं आणि मूल म्हणतं, माझं गणितच कच्चं. खरं तर कच्ची आहे फक्त शेवटची ओळ!

त्यासाठी चुकांची एक वेगळी वही ठेवा. डावीकडे चुकलेली नेमकी ओळ आणि तारीख, उजवीकडे तीच पायरी बरोबर. ‘निष्काळजीपणा’ असं लिहू नका, त्यातून काहीच हाती लागत नाही. तशीच पाच गणितं दोन दिवसांनी सोडवा. पाचही बरोबर आली तर त्या नोंदीवर काट मारा.

आणखी एक. बीजगणिताचा ४० गुणांचा सराव पेपर दोन तासांचं घड्याळ लावून सोडवा, पण तपासण्याआधी कोपऱ्यात अंदाजे गुण लिहा. अंदाज ३४ आणि मिळाले २४, तर अभ्यास नुसत्या वाचनाचा चाललाय. अंदाज १८ आणि मिळाले २७, तर अभ्यास ठीक आहे, भीती जास्त आहे. अशा मुलाला आईबाबांनी समजावत बसू नये. चुकांची वही उघडून काट मारलेल्या नोंदी त्यालाच मोजायला लावाव्यात.