मातीचा रिपोर्ट

(मे महिना. पीक निघालेलं रान. कॅमेरा जमिनीला टेकलेला.)

ही भेग बघा. हात कोपरापर्यंत आत जाईल. बेसॉल्ट खडक झिजून झालेली ही काळी माती. पाणी मिळालं की फुगते, आटलं की अशी उलते. रानातली तूर निघालीय, शेणखत अजून पडायचंय. परीक्षणासाठी माती काढायची ती नेमकी या मधल्या दिवसांत.

कृषी सहायक पुढे, मालकीणबाई मागे. बांधाजवळची माती घ्यायची नाही, झाडाखालची नाही, उकिरड्याजवळची तर नाहीच नाही. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणं धरायची. वरचा काडीकचरा बाजूला सारून इंग्रजी 'व्ही'सारखा वीतभर खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती वरून खाली खरवडायची. खरवडायला लाकडाची चीप. कारण तपासणीत लोहही मोजतात, आणि गंजक्या खुरप्याचं लोखंड रिपोर्टात शिरायला वेळ लागत नाही.

घमेलं भरतं. आता माती पसरायला काहीतरी हवं. बाई गोठ्यातून एक रिकामी गोणी आणतात, झटकतात, अंथरतात.

"मावशी, ही नको. युरियाची आहे."

"धुतलीय की."

"धुतली तरी नको."

मग जुनं लुगडं येतं. त्यावर मातीचा ढीग, बोटानं अधिकाची खूण, चार वाटे. समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले दोन कालवायचे, पुन्हा चार वाटे. असं करत करत अर्धा किलो उरतं. माती सावलीत वाळवायची आणि कापडी पिशवीत भरायची. आत चिठ्ठी, त्यावर गट नंबर आणि मागचं-पुढचं पीक. एवढ्याशा पिशवीवर अख्ख्या रानाचा निकाल लागणार.

(जुनी कार्डं. पत्र्याच्या पेटीतून बाहेर काढताना.)

19 फेब्रुवारी 2015. राजस्थानातल्या सुरतगडला पंतप्रधानांच्या हस्ते मृदा आरोग्य पत्रिका, म्हणजे मातीच्या कार्डाची, योजना सुरू झाली. देशभरात आतापर्यंत 25 कोटींच्या घरात कार्डं निघाली. एका कार्डावर 12 तपासण्या: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, शिवाय सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की विम्ल), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्या-शेणातून मातीत आलेला कार्बन).

सुरुवातीला नमुने काढायची रीत चौकटीची होती. बागायतीत अडीच हेक्टरांमागे एक नमुना, कोरडवाहूत 10 हेक्टरांमागे एक. कागदावर हे सुटसुटीत दिसतं. पण हे रान बघा: खाली ओढ्याकाठी काळं, मधे मध्यम, वर टेकाला निव्वळ मुरमाड. 10 हेक्टरांत तिन्ही बसतात. कार्ड टेकावरच्याला मिळतं, माती ओढ्याकाठची असते. "हे माझ्या रानाचं नाहीच," असं लोक म्हणायचे. त्यांचं चुकत नव्हतं.

(प्रयोगशाळा. चंचुपात्रांची रांग. जवळून.)

सेंद्रिय कर्बाची तपासणी पाहण्यासारखी असते. चाळलेली चिमूटभर माती, वर पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण. त्यावर तीव्र सल्फ्युरिक आम्ल पडतं आणि काच आपोआप तापते, खाली आच नसताना. अर्धा तास थांबायचं. मातीतला कर्ब डायक्रोमेट खाऊन टाकतो. उरलेलं किती, ते ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या काचनळीतून, दुसऱ्या द्रावणाचे थेंब सोडत मोजायचं.

निळसर-जांभळा रंग... थेंब... अजून थेंब... आणि एका थेंबाला लख्ख हिरवा.

कर्ब जास्त असेल, तर थोड्या थेंबांत हिरवा येतो. नसेल, तर थेंब पडतच राहतात. आज सकाळपासून ते पडतच आहेत.

अर्ध्या टक्क्याच्या खाली कर्ब म्हणजे 'कमी'. या रानाच्या कार्डावर तोच शब्द आहे. त्याखाली शिफारस: शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचं खत, आणि नत्राची मात्रा मोजून. सल्ला बरोबर आहे. अडतं ते पुढच्या दृश्यात.

(कृषी सेवा केंद्र. गोण्यांची थप्पी.)

सगळ्या गोण्यांवर एकच नाव, 'भारत'. 2022 पासून कंपनी कुठलीही असो, अनुदानित खताच्या पोत्यावर हेच नाव असतं. युरियाची, म्हणजे नुसत्या नत्राच्या खताची, 45 किलोची गोणी साधारण 266 रुपयांना. शेजारी डीएपीची, म्हणजे नत्रासोबत स्फुरद देणाऱ्या खताची, 50 किलोची, 1350 रुपयांना. कुठली उचलली जाईल, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

हा फरक आपोआप पडलेला नाही. 1 एप्रिल 2010 पासून स्फुरद आणि पालाशाच्या खतांना अन्नद्रव्यावर आधारित ठरावीक अनुदान सुरू झालं. युरिया त्यातून वगळला आणि त्याची किंमत सरकारच्याच हातात राहिली. बाकीची खतं महागली, युरिया जागचा फारसा हलला नाही. नत्र, स्फुरद, पालाशाचं 4:2:1 हे आदर्श मानलेलं प्रमाण नत्राकडे झुकलं ते झुकलंच.

उपाय झाले, नाही असं नाही. 2015 मध्ये सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला. त्यानं नत्र सावकाश सुटतं, आणि शेतीचा स्वस्त युरिया कारखान्यांकडे वळवणंही अवघड होतं. 2018 मध्ये गोणी 50 ची 45 किलोंची केली. त्यामागचं डोकं मानायला हवं: शेतकरी किलो मोजत नाही, गोण्या मोजतो. एकरी एक टाकायची सवय असेल, तर तो एकच टाकणार. 2023 च्या पीएम-प्रणाम योजनेत रासायनिक खताचा वापर घटवला, तर वाचलेल्या अनुदानातला निम्मा वाटा राज्याला मिळतो. राज्याला. ज्यानं गोणी कमी टाकली त्याला नाही.

लेप, वजन, कार्ड, बक्षीस. किमतीभोवती सगळीकडून हात फिरला, किमतीला कुणी लावला नाही.

(विहीर. वरून.)

जास्तीचं नत्र पावसासोबत खाली उतरतं आणि विहिरीच्या पाण्यात नायट्रेट होऊन भेटतं. काही भाग हवेत जातो.

(पुन्हा दुकान. काउंटरवर हात.)

मृगाच्या आधीची गर्दी. मालकीणबाई पिशवीत हात घालतात. पासबुक, सातबारा, मातीचं कार्ड, आधार. आधार बाहेर येतं. दुकानदार मशीन पुढे सरकवतो. अंगठा उमटत नाही, बोटं मातीनं घासलेली. पदराला पुसून पुन्हा एकदा. उमटला. या अंगठ्यावर कंपनीला सरकारकडून अनुदान मिळतं, म्हणून मशीन आधार मागतं. मातीचं कार्ड मागत नाही.

पावती निघते. दोन गोण्या छोट्या टेम्पोत चढतात, कार्ड पासबुकात घडी घालून परत पिशवीत जातं.