हात धुवून या

नमस्कार मंडळी. मी काही डॉक्टर नाही, बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि आता इथंच सांगलीत असते, त्यामुळं डायबेटिसबद्दल मी बोलणार ते माझ्या वहीतलं.

सहा वर्षांपूर्वी रिपोर्ट आला, एचबीएवनसी ९.४. साडेसहा किंवा वर गेलं की डायबेटिस धरतात, म्हणजे मी लई पुढं गेले होते. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्यात त्यांना किती साखर चिकटली ते या टेस्टमध्ये कळतं, म्हणून टेस्टच्या आधी दोन दिवस भात सोडून काही उपयोग नसतो.

पहिलं वर्षभर मी घरच्या मशीनवर साखर फक्त उपाशीपोटी तपासायची. ११८, १२५ असं यायचं, मी खूश, आणि एवनसी काही खाली येईना. मग डॉक्टर म्हणाले, बाई, जेवायच्या आधी बघा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी परत बघा, दोन्ही लिहा. शंभर पानी वही घेतली, डाव्या पानावर काय खाल्लं, उजव्या पानावर दोन आकडे. चोर सापडला आठवड्यात. संध्याकाळचं भडंग! तेलकट नाही, गोड नाही, हलकंफुलकं म्हणून मी वाटी वाटी खायची आणि दोन तासांनी २३४. चुरमुरे म्हणजे फुगवलेला तांदूळच की हो, पोटात गेला की झटकन साखर होते. आता मूठभर घेते, बरोबर काकडी आणि भिजवलेले हरभरे, आणि खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटं आमराईत चालते, कारण चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. ज्वारीच्या भाकरीचंही तसंच, चांगली आहे म्हणून तीन खाल्ल्या तर आकडा वर जाणारच. आणि गूळ चालतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, आपल्याकडं उसाचा मुलूख आहे, गुळावर सगळ्यांचाच जीव, पण शरीराला ती साखरच.

आता एक सांगते, हे नीट ऐका. संकष्टीला मी नेहमीसारखी सकाळची गोळी घेतली, ग्लिमेपिराइड असलेली, म्हणजे साखर खाली आणणारी, आणि उपास धरला. दुपारी गणपतीच्या देवळात रांगेत उभी होते तर हात थरथरायला लागले, कपाळाला गार घाम, समोरचं धूसर. पर्समध्ये साखर मोजायचं मशीन होतं, ५८ आलं. सत्तरच्या खाली म्हणजे धोका. शेजारच्या ताई पेढा द्यायला लागल्या, मी म्हटलं पेढा नको, साखर बघा, कारण पेढ्यातल्या तुपा-दुधामुळं साखर रक्तात पोचायला उशीर लागतो. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, तरी कमीच असली तर परत तीन चमचे. इन्शुलिन किंवा असली गोळी चालू असेल तर उपास धरायच्या आधी डॉक्टरांना विचारा, गणपतीबाप्पा रागवत नाही. आणि औषध आपल्या मनानं बंद करू नका.

आकडा वाढला की लोक घाबरून मशीन कपाटात टाकतात, ते बघून मला फार वाईट वाटतं. गेल्या फेब्रुवारीत तासगावची द्राक्षं आली होती, मी मणी तोडून डब्यात भरत होते, एकही तोंडात टाकला नव्हता, बोटं पदराला पुसली आणि तपासलं तर २८७! जीव खाली-वर झाला. सून म्हणाली, आई, हात धुतले का? साबणानं धुतले, नीट कोरडे केले, दुसऱ्या बोटावर घेतलं, १४६. बोटाला लागलेला रस मशीननं मोजला होता.

म्हणून आज मशीन आणलंय. मागच्या नळावर साबण ठेवलाय, हात धुवून, कोरडे करून एकेक जण या, प्रत्येकाला नवी सुई आहे, आणि बोटाच्या टोकाला टोचायचं नाही, कडेला टोचायचं, तिथं कमी दुखतं. येताना शेवटचं काय खाल्लं आणि किती वाजता, तेवढं आठवून ठेवा, वहीत मी लिहून देते.