बारच्या बिलावर उभा असलेला रॉक

श्रोतेहो, नमस्कार.

१९७२ च्या ऑक्टोबरात लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. इथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत थोडं रेकॉर्डिंग करायचं होतं. ते चालू असताना एका रात्री दोघे कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या डिस्कोथेकमध्ये गेले आणि तिथल्या पोरांचीच वाद्यं घेऊन वाजवायला उभे राहिले. जगभर स्टेडियम भरवणारी ही माणसं आणि जागा टीचभर! मला या गोष्टीत त्या दोघांपेक्षा त्या जागेचंच कौतुक जास्त वाटतं. ड्रम्स मांडलेले, गिटारचा आवाज वाढवणारे अँप हाताशी, वाजवणारी पोरं हजर. पाहुण्यानं नुसतं पुढे व्हायचं. ती जागा केव्हाच गेली. तिच्यानंतर आलेल्यांपैकीही बऱ्याच गेल्या.

रॉक पब बंद पडला की एक कारण ठरलेलं असतं. हल्लीच्या मुलांना रॉक नको, म्हणे. मला ते पटत नाही. जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम झाले. तिकिटांसाठी लोक घरबसल्या ऑनलाइन रांगेत ताटकळले आणि बहुतेक जण हात हलवत परतले. त्याच्या दोनच वर्षं आधी महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा हा संगीत महोत्सव सुरू झाला होता. ऐकणारा आहे, त्याच्या खिशात पैसाही आहे. मग शे-दीडशे माणसांची एक खोली का टिकत नाही?

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे रॉकनं आपला संसार दारूच्या गल्ल्यावर थाटला, आणि तो हिशेब कधी जुळलाच नाही.

पहिल्यापासून असं नव्हतं. धोबी तलावाला, सेंट झेवियर्सच्या शेजारी, रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह आहे. १९७८ पासून जॅझ यात्रा तिथे भरायची. नाटकं व्हायची, कव्वाल्या व्हायच्या. आणि पंधरा ऑगस्टच्या आगेमागे ‘इंडिपेंडन्स रॉक’. पोरांच्या तोंडी नुसतं ‘आय-रॉक’. हा महोत्सव १९८६ चा. पुढे इंडस क्रीड झालेले रॉक मशीन, दिल्लीचे परिक्रमा, मुंबईचेच पेंटाग्राम, हे सगळे बँड या महोत्सवात वाजवून मोठे झाले. ऑगस्ट म्हणजे पाऊस आलाच. काळे टीशर्ट अंगाला चिकटलेले, केसांतून पाणी निथळतंय, आणि स्टेजवर कोणीतरी प्लास्टिकचा कागद घेऊन मॉनिटर, म्हणजे वादकांसमोरचे स्पीकर, झाकायला धावतोय. ही पोरं ठाण्याची, डोंबिवलीची, वसई-विरारची. मरीन लाइन्स, चर्चगेट, सीएसटी, तिन्ही स्टेशनं पायी गाठता येतात. त्यामुळे शेवटची लोकल पकडून घरी जाता यायचं, हीच रंगभवनची खरी श्रीमंती होती.

आणखी एक गोष्ट होती, तिची किंमत तेव्हा कोणाला कळली नाही. तिथे तिकीट काढलं की आत. महाराष्ट्रात बिअर प्यायला वयाची २१ वर्षं लागतात आणि व्हिस्की-रमसाठी २५. रंगभवनच्या दाराशी वयाचा हा प्रश्नच येत नव्हता. गिटार हाती धरण्याचं वय सोळा-सतरा. त्या वयात ज्याला दोन हातांवरून चांगला गिटारवाला बघायला मिळतो, तोच पुढे बँड काढतो.

मग २००० साली केंद्राचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. तिथली मर्यादा दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. दोन माणसं समोरासमोर साध्या आवाजात बोलली तरी ६० च्या घरात जातात. रंगभवनच्या एका अंगाला झेवियर्स, जवळच कामा आणि जी. टी. रुग्णालय. म्हणजे काय होणार ते उघड होतं. २००३ च्या सुमारास तिथला आवाज थांबला. नियमाला नावं ठेवायची माझी तयारी नाही. कामाच्या वॉर्डात नुकतंच बाळंतपण झालेल्या बाईला झोप हवी, हे मला कोणत्याही गिटार सोलोपेक्षा मोठं वाटतं. पण एक जागा काढून घेतली तर त्याच स्टेशनांच्या टापूत, त्याच भावाची दुसरी द्यायला हवी होती. ती कोणी दिली नाही. मधल्या काळात रंगभवनच्या जागेवर मराठी भाषा भवन उभारायचं घाटत होतं. वास्तूच्या वारसा दर्जाची अडचण आली आणि भवनाचं भूमिपूजन २०२२ च्या गुढीपाडव्याला चर्नी रोडला झालं. रॉकही नाही आणि मराठीही नाही, असं त्या रंगमंचाचं झालं.

आय-रॉक अंधेरीच्या मैदानावर गेला आणि बाकीचं संगीत पबमध्ये शिरलं. जुहूला रॅझबेरी ऱ्हायनोसरस होतं, तिथे मेटलवाल्यांचे, म्हणजे जड, कर्कश रॉक वाजवणाऱ्यांचे, कार्यक्रम व्हायचे. २००७ मध्ये लोअर परळला, मथुरादास मिलच्या आवारात, ‘ब्लू फ्रॉग’ उघडलं. सुरू करणाऱ्यांत आशुतोष फाटक आणि ध्रुव घाणेकर हे दोघे स्वतः संगीतकार. त्यामुळे स्टेज, स्पीकर, बसायची व्यवस्था हे सगळं आधी ऐकणाऱ्याचा विचार करून केलेलं. निरनिराळ्या उंचीची गोल बैठक, कुठूनही स्टेज दिसायचं. ज्या गिरणगावानं शाहिरांना डोक्यावर घेतलं, तिथेच हे होत होतं, एवढं जाता जाता. २०१६ मध्ये तेही बंद झालं.

मी बरीच वर्षं साउंडच्या टेबलामागे उभा राहिलो आहे. तिथून स्टेज जितकं नीट दिसतं तितकाच बारही दिसतो. तेव्हा हिशेब करून बघू. समजा १२० माणसं आली, ३०० रुपये तिकीट. झाले ३६ हजार. त्यातून बँडचे, ड्रम्स आणि अँप भाड्यानं आणल्याचे, साउंडवाल्याचे, दारावरच्या दोघांचे आणि गाण्यांच्या हक्कांच्या परवान्याचे पैसे. जागेच्या भाड्याला काय उरलं? काही नाही. ते भाडं बारनं काढायचं असतं. आणि रॉकचा श्रोता हा बारचा सगळ्यात वाईट गिऱ्हाईक! तो पहिल्या गाण्याला एक बिअर घेतो आणि शेवटच्या गाण्यापर्यंत तीच धरून उभा राहतो. उभा असल्यामुळे जेवणही मागवत नाही. गाणं रंगात आलं की वेटरला पाठमोरा होतो. म्हणजे बँड जितका चांगला, तितका गल्ला कमी. मॅनेजर दर महिन्याला हे आकडे बघतो. शनिवारी बॉलिवूड नाइट ठेवली की टेबलं भरतात, बाटल्या उघडतात. मग शनिवार जातो, पाठोपाठ शुक्रवार जातो, आणि बँडच्या वाट्याला मंगळवार उरतो. मंगळवारी एकशेवीसऐवजी तीस माणसं येतात. तेव्हा तोच मॅनेजर म्हणतो, बघा, रॉकला पब्लिक नाही.

उरलेल्या मंगळवारीही, कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी, वाजवा, असा आग्रह सुरू होतो. लोकांना माहीत असलेली इंग्रजी गाणी वाजवली की ते दोन घोट जास्त घेतात. स्वतःची गाणी, ज्यांना ही मंडळी ‘ओरिजिनल्स’ म्हणतात, ती मग दहा गाण्यांत दोन. शे-दीडशे माणसांच्या खोलीचं खरं काम हेच की तिथे न जमलेलं गाणं वाजवून बघता यावं. स्टेडियममध्ये ते करता येत नाही.

आता भिंतीबद्दल. शेजारच्यांना त्रास होतो तो ढमढम आवाजाचा, म्हणजे बेसचा. पन्नास हर्ट्‌झच्या स्वरलहरीची लांबी जवळजवळ सात मीटर असते. पुष्कळ ठिकाणी भिंतीला फोम चिकटवतात आणि बंदोबस्त झाला असं समजतात. फोमनं खोलीतला घुमार कमी होतो, पण बेस बिनधास्त बाहेर जातो. तो अडवायला वजनदार दुहेरी भिंत लागते, मध्ये हवेची पोकळी लागते आणि एकापाठोपाठ एक दोन दारं लागतात. हा खर्च करायचा कोणी? पबवाल्याची जागा लीव्ह अँड लायसन्सवर, काही वर्षांच्या कराराची. करार संपला की भिंत मालकाची. मग कोणी ती बांधत नाही, शेजारी शंभर नंबर फिरवतात, आणि चौथ्या गाण्याला पोलीस दारात.

पोलिसांवरून आठवलं. या कार्यक्रमांना करमणुकीचा परवाना लागतो तो १९६० च्या नियमावलीखाली, आणि तिच्या लांबलचक नावातच ‘मेळे व तमाशे’ आहेत. इलेक्ट्रिक गिटारवाला पोरगा आणि फडावरची लावणी, दोघांना एकाच कागदाखाली उभं केलंय. मला व्यक्तिशः ही सोबत आवडते, पण कागद जमवणाऱ्याला आवडत नसणार.

कमला मिलची आग आपल्याला विसरता येणार नाही. २०१७ च्या डिसेंबरात, २८ ची मध्यरात्र उलटल्यावर, गच्चीवरच्या दोन पबमध्ये आग लागली आणि १४ जीव गेले. त्यानंतर तपासण्या कडक झाल्या, त्या व्हायलाच हव्या होत्या. बंगळुरूत वेगळंच झालं. तिथे २०१८ मध्ये पोलिसांनी लाइव्ह संगीताच्या परवान्याचा आग्रह धरला. परवान्यासाठी इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र लागायचं, आणि जुन्या इमारतींकडे ते नव्हतंच. कित्येक पबांनी बँड बंद केले आणि जेवण चालू ठेवलं. इंदिरानगरचं ‘हमिंग ट्री’ हे लाइव्ह संगीताचं ठिकाण २०१९ मध्ये बंद झालं.

मराठी श्रोत्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेच्या मंडळींनी प्रायोगिक नाटक रुजवलं. तिथे बार नव्हता, आणि नाटक पडलं तरी कोणाचं दिवाळं निघत नव्हतं. ते सभागृह सुटलं तेव्हा मंडळी माहीमच्या महापालिका शाळेत गेली. शाळेची एक खोली नाटकाला पुरते, तर गाण्याला का पुरू नये? महापालिकांची नाट्यगृहं आहेत, त्यांच्या भिंती जाड आहेत, आणि बंद सभागृहाला नियमांतही सवलत आहे. अडचण आहे ती भाड्याची. एखाद्या लग्नासारखा पूर्ण दिवसाचा दर लावला तर दीडशे श्रोत्यांचा बँड तिथे पाऊल ठेवणार नाही. दोन तासांचा, कमी आसनांचा दर ठरवणं ही एका ठरावाची गोष्ट आहे.

बाहेर काय केलं, तेही सांगतो. मेलबर्नमध्ये ‘द टोट’ नावाचा रॉक पब २०१० च्या जानेवारीत बंद पडला. सुरक्षारक्षक ठेवण्याच्या नियमांचा खर्च परवडेना. पुढच्याच महिन्यात हजारो लोक रस्त्यावर उतरले, पब पुन्हा उघडला, आणि २०१४ मध्ये व्हिक्टोरिया राज्यानं नियम केला की गाण्याच्या जागेशेजारी नवी इमारत आली तर आवाज अडवायचा खर्च बिल्डरनं करायचा. आधी जो होता त्याला हलवायचं नाही. इंग्लंडनं २०१८ मध्ये नियोजनाच्या धोरणात हेच तत्त्व घेतलं. तरीही तिथे २०२३ या एका वर्षात १२५ लहान जागा गेल्या. नियमानं आवाजाचं भांडण मिटतं, वीजबिल आणि भाडं तसंच राहतं.

म्हणून तिथल्या ‘म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट’नं, म्हणजे गाण्याच्या लहान जागांसाठी झटणाऱ्या संस्थेनं, मोठ्या कार्यक्रमांकडे हात पसरला. स्टेडियमच्या प्रत्येक तिकिटामागे एक पौंड लहान जागांना द्या, अशी मागणी लावून धरली. कोल्डप्लेनं वेम्ब्ली आणि हल इथल्या २०२५ च्या कार्यक्रमांतल्या आपल्या उत्पन्नाचे दहा टक्के द्यायचं जाहीर केलं. तोच बँड, तेच वर्ष. नेरुळच्या तीन रात्रींसाठी तसं मागायला आपल्याकडून कोण पुढे जाणार होतं? पबवाले एकमेकांचे स्पर्धक, बँडवाले एकमेकांच्या मंगळवारावर टपलेले, आणि आम्ही साउंडवाले तर कोणाच्याच गणतीत नाही. संघटना काढायची तर पहिली बैठक घ्यायला जागा लागेल. ती मात्र सकाळी अकराला, पब रिकामा असताना, कोणीही फुकट देईल.

नमस्कार.