भुताची ओळख आधी कानाला

[दृश्य : गावातली ग्रंथदिंडी, पालखीत पुस्तकं, पुढे लेझीम]

बेळगावच्या आसपासच्या गावांत साहित्य संमेलनं भरतात. कडोलीला भरतं, येळ्ळूरला भरतं. उचगाव, कुद्रेमानी, सांबरा, सगळीकडे. रस्त्यावर मांडव पडतो, सकाळी ग्रंथदिंडी निघते, आणि ज्यांचा पुस्तकाशी फारसा संबंध नाही तेही डोक्याला फेटा बांधून दिंडीत चालतात. कर्नाटकात राहून मराठी टिकवायची तर ती अशी, हा इथला हट्ट. त्यामुळे वाचणाऱ्या माणसाला इथं मान आहे, आणि त्या मानाची त्याला चांगली जाणीवही आहे.

भयपट बघून चौघं बाहेर पडतात, तेव्हा त्यांत एक हमखास असा वाचणारा असतो. तो म्हणतो, मूळ गोष्ट वेगळीच आहे रे, ती वाचल्याशिवाय तुम्हाला यातलं काय कळणार? बाकीचे तिघं घाबरलेले असतात. हा एकटाच घाबरलेला नसतो. मग पिक्चर नेमका कळला कुणाला?

[दृश्य : अंधारं थिएटर, पडद्याचा उजेड चेहऱ्यांवर]

सोपा भाग आधी उरकून घेऊ. दचकायला काहीही वाचावं लागत नाही. १९४२ साली 'कॅट पीपल' नावाचा अमेरिकन सिनेमा आला. त्यात एक बाई रात्री एकटीच रस्त्यानं चाललीय. मागून पावलं वाजतात. मग पावलं थांबतात आणि सगळं चिडीचूप होतं. आपण जनावराच्या झडपेची वाट बघत असतो, आणि फिस्सकन आवाज करत समोर येऊन थांबते ती एक बस. आजचे भयपटही हीच युक्ती वापरून पैसे मिळवतात. हिचकॉकला 'सायको'मधल्या न्हाणीघराच्या प्रसंगाला संगीतच नको होतं. संगीतकार बर्नार्ड हर्मननं व्हायोलिनं किंचाळवली, ती ऐकून हिचकॉकनं मत बदललं. हे सगळं थेट कानातून अंगात शिरतं. अंगठेबहाद्दर असो की प्राध्यापक, खुर्चीतून दोघंही सारखेच उडतात.

पण दचकणं वेगळं आणि भिणं वेगळं. दचकलेला माणूस लगेच हसतो. भ्यालेला माणूस घरी आल्यावर परड्यातला दिवा चालू ठेवून झोपतो. या दुसऱ्या भीतीला आधीचं काहीतरी लागतं. ते पुस्तकच असावं लागतं का, एवढाच काय तो प्रश्न.

[दृश्य : गावाबाहेरची तिकटी, अवसेनंतरची सकाळ. कॅमेरा खाली, मातीलगत]

ही तिकटी बघा. तीन रस्ते मिळतात तिथं, धुळीत, पत्रावळीवर भाताचा मुटका. त्यावर गुलाल. शेजारी चिरलेलं लिंबू, एका फोडीला कुंकू, दुसरी पालथी. आणि कणकेची एक बाहुली, बोटभर उंचीची, पोटात काळा दोरा रुतलेला. कुणाच्या तरी घरातलं दुखणं इथं उतरवून ठेवलंय. आता जाणारे-येणारे बघा. शाळेची पोरं अर्धं रिंगण घेऊन लांबून जातात. मोटारसायकलवाला बाजूनं गाडी काढतो, आणि काढताना पाय वर घेतो. 'मी असलं काही मानत नाही' म्हणणाराही पाय वर घेतोच.

आता २०१८ चा 'तुंबाड' हा भयपट आठवा. राही अनिल बर्वे दिग्दर्शक. त्यातला नायक विनायकराव सोन्यासाठी दोरावरून खाली, त्या लालभडक पोकळीत उतरतो. भोवती पिठाचं रिंगण घालतो. कणकेची बाहुली पुढे टाकतो. तिथं कोंडलेला भुकेला देव हस्तर त्या बाहुलीवर तुटून पडतो आणि विनायक त्याच्या लंगोटातली सोन्याची नाणी ओढून घेतो. हस्तरची कथा सिनेमानं स्वतःच रचलेली आहे. ती कुठल्याही पुराणात सापडायची नाही. तरी ज्यानं तिकटीवरची बाहुली लहानपणापासून चुकवलीय, त्याला कणकेच्या बाहुलीला हात का लावायचा नसतो हे शिकवावं लागत नाही. त्याच्या पायांना ते ठाऊक आहे. आणि खानापूरच्या घाटमाथ्यावर, जांबोटी-कणकुंबीकडे ज्यानं एक पावसाळा काढलाय, त्याला तुंबाडचा तो न थांबणारा पाऊस ओळखीचा वाटला तर नवल नाही. तिकडे आषाढात कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते आणि दुपारी चारला दिवे लागतात.

[दृश्य : वाचनालयातली कपाटं, जुन्या बांधणीची पुस्तकं]

वाचणाऱ्या माणसाचं म्हणणंही नीट ऐकून घेऊ. तो म्हणतो, हा तुंबाड भयकथाकार नारायण धारपांच्या 'आजी'वरून आलाय. बरोबर आहे. आणि धारपांची 'आजी' आली अमेरिकन लेखक स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' या कथेवरून. आजारी आजी आणि तिच्यासोबत घरात एकटा सापडलेला पोरगा, हे बीज अमेरिकेतून मराठीत आलं आणि मराठीतून पडद्यावर गेलं. पण मधला एक दुवा बघा. राही बर्वेंनी ही गोष्ट पहिल्यांदा पुस्तकात वाचली नव्हती. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं ती त्यांना रात्री सांगितली. म्हणजे खुद्द दिग्दर्शकाकडेही साहित्य आलं ते कानावरूनच.

नावाची तर गंमतच आहे. 'तुंबाड' हे नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेलं. ती दोन खंडांची कादंबरी वाचलेला माणूस जगबुडीच्या काठची खोतांची पिढ्यान्‌पिढ्यांची हकिगत बघायला मिळेल म्हणून थिएटरात शिरला, तर त्याची पुरती फसगत. नाव सोडलं तर त्या कादंबरीचं यात काही नाही. पहिला अर्धा तास हा गडी खोत शोधत बसणार आणि शेजारी बसलेला, काहीच न वाचलेला पोरगा आजीच्या खोलीकडे बघत हातातलं पॉपकॉर्न विसरणार. वाचन कधीकधी असंही आडवं येतं.

तुंबाड २०१८ मध्ये फार चालला नाही. २०२४ मध्ये पुन्हा लागला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला. मधल्या सहा वर्षांत लोकांनी धारप वाचून काढले असतील असं मला वाटत नाही. लोकांनी तो मोबाईलवर पाहिला आणि एकमेकांना सांगितला.

[दृश्य : जुन्या मूकपटाची छाया, भिंतीवर लांब बोटं]

विलायतेतही वेगळं काही नाही. ड्रॅक्युला सूर्यप्रकाशात मरतो, हे आज शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये हिंडतो. उन्हात त्याची फक्त शक्ती कमी होते. उन्हानं मरणं आलं ते १९२२ च्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटातून. तो सिनेमा स्टोकरच्याच कादंबरीवरून, पण परवानगी न घेता काढला होता. स्टोकरची बायको कोर्टात गेली आणि कोर्टानं त्याच्या सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही प्रती वाचल्या, आणि त्यातलंच ऊन आज सगळ्या जगाचं 'ड्रॅक्युलाचं ज्ञान' होऊन बसलंय. मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीतला फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस मिल्टन वाचतो, तासन्‌तास युक्तिवाद करतो. १९३१ च्या सिनेमात त्याला बोलताही येत नाही. आणि लोकांना आठवतो तो हा मुका.

[दृश्य : खानापूर तालुक्यातलं खेडं, संध्याकाळ, दारापुढे रांगोळी]

सीमेवरच्या माणसाकडे गोष्टींचे दोन रांजण आहेत. मराठीतून मुंजा, हडळ, जखीण आलेली. कन्नडमधून आलेलं वेगळंच. १९९० च्या दशकात कर्नाटकात बोलबाला झाला की रात्री एक बाई दार वाजवते, हाक मारते ती घरातल्याच माणसाच्या आवाजात, आणि दार उघडलं की संपलं. म्हणून लोकांनी दारांवर 'नाळे बा' लिहिलं. उद्या ये. ती वाचायची, परत फिरायची, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. २०१८ च्या 'स्त्री' या हिंदी पिक्चरनं ही युक्ती चंदेरीला नेली आणि तिथल्या भिंतींवर 'ओ स्त्री, कल आना' आलं. हा पिक्चर बघताना साहित्याचं ज्ञान कुणाला लागत असेल तर ते भुताला. प्रेक्षकाला नाही.

गावात वार पाळणूक, म्हणजे ठरल्या वारी कामं बंद, असली की त्या दिवशी औत का धरायचं नाही, तिन्हीसांजेला हाक आली तर पहिल्याच हाकेला ओ का द्यायची नाही, हे कुठल्या पुस्तकात वाचलंय आपण? भयपटवाला आपल्या मनातला हाच नियम शोधत असतो. नियम आधीच आत असला की पडद्यावर त्याला फक्त मोडायचा उरतो. नसला तर आधी समजावून सांगावा लागतो, आणि समजावून सांगायला लागलं की भीतीतली अर्धी हवा गेलीच.

[दृश्य : धारवाडचा रस्ता, झाडं, पावसाची भुरभुर]

मग वाचनाचा उपयोग नाहीच? आहे. पण तो वेगळ्या ठिकाणी. याच मुलखातले जी. ए. कुलकर्णी. बेळगावात शिकले, धारवाडला इंग्रजी शिकवलं. भूतकथालेखक म्हणून त्यांचं नाव कुणी घेणार नाही. पण त्यांच्या 'काजळमाया'तल्या कथा वाचताना पाठीमागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं आणि ते शेवटपर्यंत पुढे येत नाही. ज्याला हे वाचायची सवय आहे, त्याला संथ भयपटात पाऊण तास काहीच घडलं नाही तरी चुळबुळ होत नाही. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचलेल्यालाही हा सराव असतो. दोन खोल्यांचं साधं घर आणि त्यातली एकच गोष्ट किंचित चुकलेली. वाचणाऱ्याला पिक्चर जास्त कळतो असं नाही. त्याला दम धरता येतो, इतकंच. तेवढ्यावर बाकीच्या तिघांना वेड्यात काढायचा हक्क मात्र मिळत नाही.

[दृश्य : टेबलावर पुस्तक आणि मोबाईल शेजारी शेजारी]

आधी पुस्तक की आधी पिक्चर, असं मला विचाराल तर मी सिनेमागणिक वेगळं उत्तर देईन. तुंबाड आधी बघा, 'आजी' नंतर वाचा. उलट केलंत तर त्या खोलीतली आजी कोण हे आधीच माहीत होऊन बसेल. ड्रॅक्युला मात्र आधी वाचा. तो सगळा पत्रांतून आणि रोजनिशीच्या पानांतून सांगितलाय. लिहिणाऱ्याला पुढं काय होणार हे माहीत नसतं, आणि ती भीती कुठल्याही सिनेमाला जशीच्या तशी जमलेली नाही. 'शायनिंग' ही स्टीफन किंगची कादंबरी आणि त्यावरचा कुब्रिकचा सिनेमा, कुठूनही सुरू करा. तो सिनेमा खुद्द किंगलाच आवडला नव्हता, तेव्हा त्या भांडणात तुम्ही कुणाच्याही बाजूनं बसायला मोकळे आहात.