रविवारचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

आज दोन ज्ञानांबद्दल बोलायचं आहे. एक खालचं ज्ञान, एक वरचं ज्ञान. ही विभागणी माझी नाही, नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातली आहे. पाचच अध्यायांचं पत्र. त्याच्या तिसऱ्या अध्यायात याकोब म्हणतो की एक ज्ञान पृथ्वीवरचं असतं आणि एक वरून उतरतं. आपल्या मराठी बायबलात दोन्हींना शब्द एकच, ज्ञान. मूळ ग्रीकमध्येही एकच, सोफिया. मग ओळखायचं कसं? याकोब सांगतो, मागे काय उरतं ते बघा. मत्सर आणि तट उरले तर ते खालचं. वरचं ज्ञान शुद्ध असतं, शांतिप्रिय असतं, सौम्य असतं, समजूत होण्याजोगं असतं, दयेनं भरलेलं असतं. त्यात पक्षपात नसतो, ढोंग नसतं.

यातलं ‘समजूत होण्याजोगं’ तेवढं लक्षात ठेवा. समजूत होण्याजोगं. आता मी तुम्हाला आमच्या विहिरीवर घेऊन जातो.

आमचं गाव चोपड्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याशी. घर ख्रिस्ती, धंदा शेतीचा. वडील आणि काका, दोघा भावांत जमीन वाटली गेली होती, विहीर मात्र सामाईक. एक दिवस आमची पाळी, एक दिवस काकांची. रविवारी मोटर बंद. रविवार देवाचा, त्या दिवशी विहीर भरत राहायची.

मी धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून नुकताच पदवी घेऊन आलो होतो. ठिबक आमच्याकडे नवं नवं होतं. मे महिना, केळीचे घड भरण्याचे दिवस, आणि विहिरीनं तळ दाखवायला सुरुवात केलेली. मी आलेखाचा कागद काढला. आमची केळी दोन एकर, काकांची एक. पाच बाय पाच फुटांवर लावलेली, म्हणजे एकरी सुमारे 1,740 झाडं. उन्हाळ्यात झाडाला दिवसाला 20 लिटर धरलं तर आम्हाला रोज जवळपास 70 हजार लिटर लागतात, काकांना 35 हजार. मग पाळी सारखी कशी? सहा दिवसांतले चार आमचे, दोन काकांचे. एकदम रास्त, असं मला वाटलं.

ओट्यावर बसून मी तो कागद काकांना वाचून दाखवला. काका सातवी शिकलेले. त्यांनी दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा मी आकड्यानं त्यांना गप्प केलं. शेवटी ते म्हणाले, “तुझा कागद बरोबर असेल बाबा,” आणि उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून पाळी बदलली.

त्या आठवड्यात घरी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे होते. दरवर्षी काकू पहाटेच यायच्या, ज्वारीचं पीठ हाटायला. त्या वर्षी आल्या नाहीत. आईनं एकटीनं घाटा ढवळला, एकटीनं बिबडे थापले. बिबडे हे एकटीचं काम नाही, आणि बाजारातून पाकीट आणायचंही नाही, हे माझं ठाम मत आहे. घरात चार बायका जमाव्यात, गरम घाट्यावर तेल घालून पोरांना वाटी मिळावी, म्हणून ते असतात. असो. त्या वर्षी आमच्या अंगणात वाटी मागायला चुलत भावंडं नव्हती.

आजीला आम्ही मोठी माय म्हणायचो. तिला अक्षरओळख नव्हती. चर्चमध्ये वाचलेलं ऐकून ऐकून जे राहिलं तेवढंच तिचं बायबल. एका सकाळी तिनं मला हाताला धरून काकांच्या केळीत नेलं. एका झाडाच्या बुंध्याशी बसली आणि म्हणाली, “हात घाल आठे.” मी माती उकरली. दोन बोटांखाली मुरूम लागला. कोरडा, गरम. आमची जमीन काळी, पाणी दिलं की दोन दिवस धरून ठेवणारी. काकांची मुरमाड, सकाळचं पाणी दुपारी गायब. पानं दुमडून खाली लोंबत होती. काका ओट्यावर तोंड उघडून जे सांगणार होते ते हेच होतं. चार वर्षं मातीचं शास्त्र शिकलेल्या माणसानं ते ऐकून घेतलं नाही.

मी मान खाली घालून बसलो. वाटलं, आता बोलणी बसणार. ती म्हणाली, “तुन्हा हिसाब बरोबर शे, बापू. कागद फेकू नको. पुढला साल काम येई.” बस्स. दोष लावला नाही.

शनिवारी संध्याकाळी तिनं दोन्ही मुलांना बोलावलं आणि सांगितलं, “सहा दिन तुम्हना, रविवार मन्हा.” वडील दचकले. म्हणाले, रविवारी मोटर? तेव्हा तिनं प्रभू येशूचं ते वाक्य काढलं, लूकच्या शुभवर्तमानातलं. तुमच्यापैकी कोणाचा बैल शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या, दिवशी विहिरीत पडला तर तो त्याला लगेच वर काढणार नाही का? वडील गप्प.

पण तिची खरी गोष्ट पुढे आहे. रविवारचं पाणी कोणाला, हे ती ठरवणार नव्हती. ती म्हणाली, “मोठा, तू धाकलानी केळी देखी ये. धाकला, तू मोठानी देखी ये. मंग माले सांगा.” थोरल्यानं धाकट्याची केळी बघायची, धाकट्यानं थोरल्याची. स्वतःच्या केळीबद्दल बोलायचं नाही.

पहिल्या शनिवारी दोघं आले आणि दोघंही मोघम बोलले. मोठी माय काही बोलली नाही, उद्याचं पाणी मुरमाडात सोडा म्हणाली. दुसऱ्या शनिवारी वडिलांना यायला उशीर झाला. अंधारात, चपलांना माती लागलेली. म्हणाले, “त्याच्या कडेच्या दोन ओळी जातील. सोमवारचा आमचा दिवसही त्याला द्या.” आणि त्यांच्या मागोमाग काका आले ते सांगायला लागले, दादाच्या नळ्या तिकडच्या टोकाला चोंदल्यात, झाडांना थेंब पोचत नाही, आधी ते बघा. माझ्या आलेखात त्या चोंदलेल्या नळ्याही नव्हत्या.

तर श्रोतेहो, खालचं ज्ञान म्हणजे खोटं ज्ञान नव्हे. माझा गुणाकार तेव्हाही बरोबर होता, आजही बरोबर आहे. ख्रिस्ती विश्वास शिक्षणाच्या विरुद्ध आहे असं कोणी सांगितलं तर मानू नका. येशूचा प्रेषित पौल घ्या. तार्सस या विद्येच्या शहरातला, गमालिएल गुरुजींच्या पायाशी शिकलेला. अथेन्समध्ये बोलताना तो ग्रीक कवींचे शब्द वापरतो. करिंथकरांना मात्र तोच लिहितो की जगाचं ज्ञान देवाच्या दृष्टीनं मूर्खपण आहे, कारण तिथली मंडळी मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा म्हणत आपसात तट पाडून बसली होती. पुन्हा तेच. तट.

आणि आपल्या महाराष्ट्रातल्या पंडिता रमाबाई. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांच्या संस्कृतला मान देऊन पंडिता म्हटलं, त्या बाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणलं. 1922 साली जाईपर्यंत हेच काम. ज्यांना पंडिती मराठी कळत नाही अशा बायाबापड्यांना वाचता यावं म्हणून. मला ह्यात वरचं ज्ञान दिसतं, खालच्या सगळ्या ज्ञानाला कामाला लावणारं.

आपल्या संडे स्कूलमध्ये मुलांना वचनं पाठ करायला लावून बक्षिसं देतात, त्याबद्दल मला एकदा बोलायचंच होतं. पाठांतराला ना नाही. पण ‘शांती करणारे धन्य’ हे घडाघडा म्हणणारा मुलगा घरी गेल्यावर भावाशी कसा वागला, हे कोणी विचारतं का? विचारा. बक्षीस त्यावर द्या.

शलमोन राजा तरुणपणी गिबोनात देवाजवळ काय मागतो? धन नाही, दीर्घायुष्य नाही. मूळ हिब्रू शब्द आहेत ‘ऐकणारं हृदय’. ऐकणारं हृदय. दोन बायका एका बाळासाठी भांडत आल्या तेव्हा तलवार मागवली ती ह्याच हृदयानं, आणि आई कोण ते कळलं कारण एकीनं आपला हक्क सोडला. तोच शलमोन म्हातारपणी भरकटला, हेही शास्त्रात लिहिलेलं आहे. वरचं ज्ञान एकदा भरून ठेवायच्या कणगीतलं नाही. रोज मागावं लागतं. याकोब म्हणतो, ज्याला उणीव आहे त्यानं देवाजवळ मागावं, तो कोणाला दोष न लावता देतो. दोष न लावता. हे वचन ऐकलं की मला काकांच्या केळीतली ती सकाळ आठवते.

मोठी माय जाऊन बरीच वर्षं झाली. वडील आणि काकाही गेले. विहीर आहे, पाळी आता मी आणि चुलत भाऊ वाटून घेतो. माझा तो कागद घरात आहे, घडीवर फाटलेला, मेमध्ये अजून काढावा लागतो.

आज शनिवार आहे. इथून निघालो की उजेड असेतो गावी पोचायचं आहे, भावाच्या केळीत फेरी मारायची राहिली आहे. नमस्कार.